प्रोसेसर आणि कोअर यांत नेमका फरक काय? ‘आठ कोअर’ वाचून लॅपटॉप घेण्याआधी हे समजून घ्या

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाची धावपळ संपते आणि घरात पुढचा विषय निघतो लॅपटॉपचा. दुकानातला विक्रेता भराभर सांगू लागतो, “हा आय५ आहे, दहा कोअर, बारा थ्रेड. आणि हा बघा, आय३ असला तरी याला आठ कोअर आहेत, स्वस्तात काम होईल.” खिशातून चाळीस-पन्नास हजार रुपये जाणार असतात, पण ऐकणाऱ्याच्या हाती मान डोलावण्यापलीकडे फारसं काही नसतं.

मग घरी येऊन चर्चा होते. कुणी म्हणतं, आय५ म्हणजे पाच कोअर. कुणी म्हणतं, आठ कोअर म्हणजे आत आठ प्रोसेसर. कुणाला वाटतं, आठ कोअरचा लॅपटॉप चार कोअरच्या दुप्पट वेगाने चालणार. ही तिन्ही विधानं चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत हे एकदा कळलं, की जाहिरातीतले आकडे आपोआप समजू लागतात.

आधी ‘सीपीयू’चा घोळ मिटवूया

आपल्याकडे टेबलाखाली ठेवलेल्या अख्ख्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणायची सवय आहे. “सीपीयू बंद कर”, “सीपीयूवर धूळ बसलीय” अशी वाक्यं प्रत्येक ऑफिसात ऐकू येतात. खरं तर तो डबा म्हणजे कॅबिनेट. त्याच्या आत मदरबोर्ड असतो, मदरबोर्डवर एक चौकोनी खाच असते, तिला सॉकेट म्हणतात. त्या सॉकेटमध्ये बसणारी, साधारण बिस्किटाएवढी चपटी वस्तू म्हणजे सीपीयू, अर्थात प्रोसेसर. लॅपटॉप आणि मोबाईलमध्ये सॉकेट नसतं, तिथे प्रोसेसर थेट बोर्डावर पक्का जोडलेला असतो.

म्हणजे प्रोसेसर ही हातात धरता येणारी वस्तू आहे. ती विकत मिळते, बदलता येते, तिच्यावर कंपनीचं नाव छापलेलं असतं. कोअर मात्र असा सुटा मिळत नाही. तो त्या वस्तूच्या पोटातला भाग आहे.

मग कोअर म्हणजे काय?

कॉम्प्युटरचं काम म्हणजे सूचना पाळणं. मेमरीतून एक सूचना आणायची, तिचा अर्थ लावायचा, सांगितलेली बेरीज किंवा तुलना करायची आणि उत्तर जागेवर ठेवायचं. हे चक्र सेकंदाला अब्जावधी वेळा फिरतं. हे सगळं चक्र स्वतःच्या बळावर पूर्ण करू शकणारा भाग म्हणजे कोअर.

स्वयंपाकघराचं उदाहरण घेतलं तर चित्र स्पष्ट होतं. प्रोसेसर म्हणजे अख्खं स्वयंपाकघर आणि कोअर म्हणजे तिथे काम करणारा आचारी. प्रत्येक आचाऱ्याचा आपला ओटा आहे, हाताशी मिसळणाचा डबा आहे. तो डबा म्हणजे कोअरची स्वतःची कॅश मेमरी: लहान, पण अगदी हाताजवळ. सगळ्यांमध्ये मिळून एक मोठं फडताळ आहे, ती सामाईक कॅश. कोठीची खोली म्हणजे रॅम. आणि कोठीतही नसलेली वस्तू वाण्याच्या दुकानातून आणायची, तर ते दुकान म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी.

एका स्वयंपाकघरात एकच आचारी असेल तर तो सिंगल कोअर प्रोसेसर. दोन असतील तर ड्युअल कोअर, चार असतील तर क्वाड कोअर, आठ असतील तर ऑक्टा कोअर. आचारी आठ झाले तरी स्वयंपाकघर एकच राहतं. म्हणून आठ कोअर म्हणजे आठ प्रोसेसर नव्हेत.

एकाचे अनेक कसे झाले?

१९७१ साली इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली. बिझिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी तिची आखणी झाली होती आणि तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्यानंतर तीसेक वर्षं घरगुती कॉम्प्युटरमध्ये ‘एक प्रोसेसर म्हणजे एकच कोअर’ असंच गणित होतं. त्यामुळे हे दोन शब्द वेगळे करायची कुणाला गरजच पडली नाही. आजचा गोंधळ तिथूनच आला आहे.

त्या काळात वेग वाढवायचा सोपा मार्ग होता: आचाऱ्याला जास्त भराभर हात चालवायला लावायचे. म्हणजेच गिगाहर्ट्झ वाढवायचे. ट्रान्झिस्टर लहान होत गेला की त्याला वीजही कमी लागायची, त्यामुळे वेग वाढवला तरी उष्णता आवाक्यात राहायची. २००४-०५ च्या सुमारास हा हिशेब बिघडला. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की त्यांतून वीज झिरपू लागली आणि वेग थोडा वाढवला तरी चिप प्रचंड तापू लागली. पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. ४ गिगाहर्ट्झची आवृत्ती इंटेलने जाहीर केली होती, पण २००४ मध्ये ती रद्द करावी लागली.

हात याहून भराभर चालत नाहीत म्हटल्यावर उरला दुसरा उपाय: आचारी वाढवा. आयबीएमने २००१ मध्येच पॉवर४ या सर्व्हरच्या चिपवर दोन कोअर बसवले होते. २००५ मध्ये इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा ॲथलॉन ६४ एक्स२ हे दोन कोअरचे प्रोसेसर घरगुती कॉम्प्युटरसाठी आले. २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओने तर ‘कोअर’ हा शब्द घराघरांत पोहोचवला. गंमत म्हणजे इंटेलने ‘कोअर’ हेच आपल्या प्रोसेसरचं व्यापारी नाव केलं आणि गोंधळात आणखी भर पडली. ‘कोअर आय५’ या नावातला ‘कोअर’ हा ब्रँड आहे, आतल्या कोअरच्या संख्येशी त्याचा संबंध नाही.

एकाहून अधिक प्रोसेसर कुठे असतात?

घरच्या लॅपटॉपमध्ये, पीसीमध्ये आणि मोबाईलमध्ये प्रोसेसर एकच असतो. मात्र बँका, रेल्वे आरक्षण, हवामान अंदाज अशा कामांसाठी लागणाऱ्या सर्व्हरमध्ये एकाच मदरबोर्डवर दोन किंवा त्याहून जास्त सॉकेट असतात. एएमडीच्या एपिक ९६५४ या सर्व्हर प्रोसेसरमध्ये ९६ कोअर आहेत. असे दोन प्रोसेसर एका बोर्डावर बसवले की प्रोसेसर दोन आणि कोअर १९२. इथे दोन्ही शब्दांतला फरक अगदी डोळ्यांसमोर दिसतो.

एका प्रोसेसरमधले कोअर शेजारी-शेजारी असतात, त्यांचं फडताळ सामाईक असतं, त्यामुळे एकमेकांना वस्तू देणं लवकर होतं. दोन वेगळे प्रोसेसर म्हणजे रस्त्याच्या दोन बाजूंची दोन स्वयंपाकघरं. प्रत्येकाची कोठी वेगळी. समोरच्या कोठीतलं काही हवं असेल तर रस्ता ओलांडावा लागतो आणि वेळ जातो. म्हणून एकूण कोअर सारखे असले तरी एका प्रोसेसरमधले सोळा आणि दोन प्रोसेसरमधले आठ-आठ यांचं वागणं सारखं नसतं.

अनेक प्रोसेसर जोडून मोठं काम करण्याच्या इतिहासात पुण्याचंही नाव आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. एका चिपवर अनेक कोअर ही कल्पना बाजारात येण्याच्या कितीतरी आधीचा हा काळ. त्यामुळे त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक स्वतंत्र प्रोसेसर एकमेकांना जोडून काम वाटून दिलं होतं. त्या वेळी कपाटाएवढी जागा घेणारी ही कल्पना आज खिशातल्या मोबाईलमध्ये मावते.

हा फरक पैशाच्या हिशेबातही येतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१६ पासून परवान्याचं शुल्क प्रोसेसरऐवजी कोअर मोजून लावायला सुरुवात केली. म्हणजे ऑफिससाठी जास्त कोअरचा सर्व्हर घेतला की सॉफ्टवेअरचं बिलही वाढू शकतं. यंत्राची किंमत पाहिली, पण परवान्याचा हिशेब केला नाही, तर बजेट कोलमडतं.

थ्रेड ही काय भानगड आहे?

‘दहा कोअर, बारा थ्रेड’ यातला तिसरा शब्द म्हणजे थ्रेड. आचाऱ्याने कुकर लावला आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत तो नुसता उभा राहिला, तर वेळ वाया गेला. तेवढ्यात त्याने दुसऱ्या पदार्थाची भाजी चिरून घेतली, तर त्याच माणसाकडून जास्त काम झालं. कोअरचंही तसंच आहे. रॅममधून माहिती येईपर्यंत कोअर रिकामा बसतो. त्या वेळात त्याला दुसऱ्या कामाच्या सूचना देण्याची सोय म्हणजे इंटेलच्या भाषेत हायपर-थ्रेडिंग. २००२ मध्ये पेंटियम ४ मधून ती घरगुती कॉम्प्युटरमध्ये आली.

अशा वेळी विंडोजला एका कोअरच्या जागी दोन दिसतात. त्यांना लॉजिकल प्रोसेसर म्हणतात. पण आचारी एकच आहे, हातही दोनच आहेत. त्यामुळे थ्रेड दुप्पट झाले म्हणून काम दुप्पट होत नाही, कामाच्या स्वरूपानुसार थोडाफार फायदा मिळतो. शिवाय थ्रेड नेहमी कोअरच्या दुप्पट असतात असंही नाही. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये आठ कोअर आणि आठच थ्रेड आहेत, तरी तो जुन्या आठ थ्रेडवाल्यांपेक्षा खूप पुढे आहे.

आठ कोअर म्हणजे आठपट वेग का नाही?

पुरणपोळीचा बेत आहे असं समजा. डाळ शिजायला हवी, पुरण वाटायला हवं. ते होईपर्यंत घरात आठ जण जमले तरी पोळी लाटता येत नाही. पुरण तयार झालं की मात्र एक जण लाटेल, दुसरा भाजेल, काम वाटून घेता येईल. म्हणजे कामाचा काही भाग वाटता येतो, काही भाग एकामागून एकच करावा लागतो.

जीन ॲमडाल या संगणक अभियंत्याने १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला. तो ‘ॲमडालचा नियम’ म्हणून ओळखला जातो. त्याचा हिशेब सोपा आहे. एका कोअरला १०० मिनिटं लागणारं एक काम घेऊ. त्यातली २० मिनिटं वाटता न येणारी आणि ८० मिनिटं वाटता येणारी आहेत.

दोन कोअर असतील तर २० अधिक ४०, म्हणजे ६० मिनिटं.
चार कोअर असतील तर २० अधिक २०, म्हणजे ४० मिनिटं.
आठ कोअर असतील तर २० अधिक १०, म्हणजे ३० मिनिटं.
सोळा कोअर असतील तर २० अधिक ५, म्हणजे २५ मिनिटं.

आठावरून सोळा कोअर केले आणि वाचली फक्त पाच मिनिटं. हजार कोअर आणले तरी ती २० मिनिटं काही कमी होत नाहीत. ती कमी करायची असतील तर एकेका कोअरचा वेगच जास्त हवा.

व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी चित्रं तयार करणं, मोठा प्रोग्राम कंपाइल करणं या कामांचे तुकडे चांगले पडतात, त्यामुळे तिथे जास्त कोअरचा खरा उपयोग होतो. वर्डमध्ये पत्र टाईप करणं, एखादी वेबसाईट उघडणं, बरेचसे जुने अकाउंटिंगचे प्रोग्राम यांचा भार मुख्यतः एक-दोन कोअरवरच पडतो. तिथे बाकीचे कोअर बहुतेक वेळ बसून असतात.

सगळे कोअर सारखे नसतात

इथेच बहुतेक ग्राहक फसतात. एआरएम या कंपनीने २०११ मध्ये एक मांडणी आणली: एकाच चिपवर काही ताकदवान कोअर आणि काही कमी वीज खाणारे छोटे कोअर. गेम खेळताना मोठे कोअर कामाला लागतात, गाणी ऐकताना किंवा मेसेज वाचताना छोट्यांवर भागतं आणि बॅटरी वाचते. आज बहुतेक सगळ्या स्मार्टफोनमध्ये अशीच विभागणी असते.

२०१३ मध्ये सॅमसंगने ‘एक्सिनॉस ५ ऑक्टा’ ही आठ कोअरची चिप आणली. गॅलेक्सी एस४ च्या काही आवृत्त्यांमध्ये ती होती. तिच्यात चार मोठे आणि चार छोटे कोअर होते, पण एका वेळी त्यांपैकी एकच चौकडी काम करू शकत होती. त्याच वर्षी आलेल्या आयफोन ५एस मध्ये फक्त दोनच कोअर होते, तरीही तो त्या काळातल्या वेगवान फोनमध्ये गणला गेला, कारण ते दोन कोअर एकेकटे अतिशय ताकदवान होते.

लॅपटॉपमध्येही ही पद्धत रुळली आहे. इंटेलने २०२१ च्या अखेरीस आलेल्या बाराव्या पिढीपासून ताकदवान ‘पी कोअर’ आणि काटकसरी ‘ई कोअर’ असे दोन प्रकार केले. कोअर आय५ १२३५यू मध्ये दहा कोअर आहेत खरे, पण त्यांत पी कोअर फक्त दोन आणि ई कोअर आठ. दोन पी कोअरचे चार थ्रेड आणि आठ ई कोअरचे आठ, असे मिळून बारा थ्रेड होतात.

आता सुरुवातीचा तो ‘आठ कोअरचा आय३’ पाहू. इंटेलच्या कोअर आय३ एन३०५ मध्ये आठ कोअर आहेत, पण ते सगळे ई कोअर. पी कोअर एकही नाही. कोअर आय३ १२१५यू मध्ये सहाच कोअर आहेत, पण त्यांत दोन पी कोअर आहेत. रोजच्या ज्या कामांत एका कोअरचा वेग महत्त्वाचा असतो, तिथे सहावाला आठवाल्याच्या पुढे जातो. नुसती संख्या पाहून निवड केली तर नेमकी उलटी निवड होण्याची शक्यता असते.

ग्राफिक्स कार्डाच्या जाहिरातीतले कोअर तर वेगळीच जात आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ ‘कुडा कोअर’ आहेत. हे अगदी साधे गणित करणारे छोटे घटक असतात. त्यांची प्रोसेसरच्या कोअरशी तुलना होऊ शकत नाही.

‘कोअर कशाला म्हणायचं’ हे कोर्टात गेलं तेव्हा

एएमडीने २०११ मध्ये ‘बुलडोझर’ रचनेवर आधारलेले एफएक्स प्रोसेसर आणले. त्यांतल्या काहींची जाहिरात ‘आठ कोअर’ अशी होती. प्रत्यक्षात त्यांत चार जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या दोघांची पूर्णांकांचं गणित करणारी यंत्रणा स्वतंत्र होती, पण दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा विभाग आणि सूचनांचा अर्थ लावणारा विभाग सामाईक होता. म्हणजे आचारी दोन, पण शेगडी एक.

हे आठ कोअर आहेत की चार, असा सवाल करत २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात ग्राहकांच्या वतीने दावा दाखल झाला. २०१९ मध्ये एएमडीने चूक मान्य न करता १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्यामुळे ‘कोअर’ची पक्की व्याख्या काही कोर्टाकडून मिळाली नाही. पण खोक्यावर छापलेला आकडा आणि आतली रचना यांत अंतर असू शकतं, हे सगळ्यांना कळलं.

आय३, आय५, आय७ म्हणजे किती कोअर?

हे आकडे कोअरची संख्या सांगत नाहीत, ती फक्त श्रेणी आहे. त्यातही पिढी आणि प्रकार बदलला की सगळं बदलतं. २०१६ मध्ये आलेल्या कोअर आय७ ७५००यू या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये दोनच कोअर होते. वर उल्लेख झालेल्या आय३ १२१५यू मध्ये सहा आहेत. म्हणून जुना लॅपटॉप विकणारा “आय७ आहे” एवढंच सांगत असेल, तर पूर्ण मॉडेल क्रमांक मागावा. क्रमांकातला सुरुवातीचा भाग पिढी सांगतो: ७५०० म्हणजे सातवी, १२३५ म्हणजे बारावी. शेवटचं अक्षर ‘यू’ असेल तर कमी वीज खाणारा, ‘एच’ असेल तर जास्त ताकदीचा लॅपटॉप प्रोसेसर समजावा.

आपल्या कॉम्प्युटरमध्ये किती आहेत, हे कसं पाहायचं?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘सीपीयू’ निवडलं की खाली तीन ओळी दिसतात. ‘सॉकेट्स’ म्हणजे प्रोसेसर किती, ‘कोअर्स’ म्हणजे कोअर किती आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ म्हणजे थ्रेड किती. आय५ १२३५यू च्या लॅपटॉपवर तिथे १, १० आणि १२ असं दिसेल. या लेखातला सगळा फरक त्या तीन ओळींत आहे.

तिथेच आणखी एक गोष्ट तपासता येते. कॉम्प्युटर अडकत असताना सीपीयूचा वापर फक्त १२-१३ टक्के दिसला, तर “प्रोसेसर तर मोकळाच आहे” असं वाटतं. पण आठ थ्रेडच्या यंत्रात एक थ्रेड पूर्ण भरला की एकूण आकडा साडेबारा टक्केच होतो. म्हणजे एक आचारी घामाघूम झालेला आणि बाकीचे सात हातावर हात ठेवून उभे, अशी ती स्थिती असू शकते. आणि सीपीयू खरंच शांत असून मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे असेल, तर दुखणं प्रोसेसरचं नसून रॅमचं आहे. अशा वेळी नवा लॅपटॉप घेण्याऐवजी रॅम वाढवता येते का ते पाहिल्यास बरेच पैसे वाचू शकतात.

खरेदी करताना काय पाहावं?

अभ्यास, ऑनलाइन वर्ग, टायपिंग, सिनेमे यांसाठी अलीकडच्या पिढीचे चार ते सहा चांगले कोअर पुरेसे असतात. तिथे वाढीव कोअरवर पैसे घालण्यापेक्षा १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं यंत्र घेतल्यास फरक रोज जाणवतो. इंजिनीअरिंगचं डिझाइन, प्रोग्रामिंग, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी आठ किंवा जास्त कोअर पाहावेत, पण त्यांत ताकदवान कोअर किती हे विचारूनच. गेम खेळणाऱ्यांसाठी एकेका कोअरचा वेग आणि ग्राफिक्स कार्ड आधी, कोअरची संख्या नंतर.

दुकानात गेल्यावर तीन प्रश्न पुरेसे आहेत. प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल क्रमांक कोणता? त्यात पी कोअर किती, ई कोअर किती? रॅम पुढे वाढवता येते का? विक्रेत्याकडे उत्तर नसेल तर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि कंपनीच्या वेबसाईटवर तपासावा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ज्या यंत्रावर चार-पाच वर्षं काढायची, त्यासाठी ती पाच मिनिटं जास्त नाहीत.